घास आणि ठोका

मार्च महिन्यातल्या एका सोमवारी, शाळेच्या दुसऱ्या तासाला, नववी ‘ब’च्या वर्गात ‘एक्झामिनेशन’ हा शब्द फळ्यावर फोडून दाखवताना मल्लिनाथ सरांची वाचा गेली. या शब्दाचे पाच घास होतात. एग्, झॅ, मि, ने, शन. ठोका चौथ्यावर. सर तिसऱ्यापर्यंत आले होते. चौथा घास आला नाही. मुलींना वाटलं, सर थांबलेत. ठोक्याआधी ते नेहमीच थांबायचे, तो मुलींनी बाकावर वाजवावा म्हणून. मुलींनी बाक वाजवला. सर फळ्याला पाठ टेकून खाली बसत गेले तेव्हा अख्खा वर्ग चौथा घास वाजवत होता.

याला चार वर्षं झाली. सर माझे वडील. घरी आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. पण जे घडलं ते त्यांच्या मास्तरकीत घडलं, म्हणून इथेही सरच. त्या तासाला मी वर्गात नव्हते. वरचा मजकूर वर्गातल्या मुलींनी नंतर वेगवेगळ्या वेळी सांगितला, आणि त्यांचं सांगणं एकमेकींशी जुळतं. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करते. दुसऱ्या कुणाकडून खात्री झाल्याशिवाय ओळ पुढे जात नाही, ही तिथली सवय. त्या मार्चमध्ये ती सवय घरी आली आणि फार त्रास देऊन गेली.

यंदाचा मार्चही आला आहे. सकाळी दहाच्या पुढे दुचाकीच्या सीटला हात लावता येत नाही. जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीखाली, पार्किंगच्या सावलीत, तळमजल्यावरची शिफा मोठ्यानं इंग्रजी वाचते. तिच्या वडिलांचे टेम्पो आहेत. त्यातलाच एक रिकामा क्रेट पालथा घालून ती त्यावर बसते आणि हनुवटीखाली पालथा हात धरते. आतून तिची आई ओरडते, “शिफा, इत्ता जोर से कायकू पढती? पूरी बिल्डिंग का इम्तहान है क्या?”

“जोर से नै पढी तो ठोका कैसा समजेगा अम्मी?”

हनुवटीखालचा पालथा हात. ती पद्धत मी ओळखते.

सरांची शाळा शहराच्या पूर्व भागात. मुली बहुतेक विणकरांच्या घरातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. वर्गाच्या खिडकीबाहेर यंत्रमागांचं शेड होतं आणि वीज असेपर्यंत ते धडधडत राहायचं. सरांच्या घरची भाषा कन्नड. म्हणजे फळ्यावरचं इंग्रजी ना शिकवणाऱ्याच्या घरचं होतं, ना शिकणारीच्या. मधली बोलणी मराठीत. लांब इंग्रजी शब्द आला की मुली दम धरून तो एका फटक्यात म्हणून टाकत आणि सगळ्या अक्षरांना सारखं वजन देत. सर म्हणायचे, “भाकरी अख्खी तोंडात घालता का गं? मोडता की नाही? तसा शब्द मोडा.” मोडलेला प्रत्येक तुकडा म्हणजे घास. तो कसा ओळखायचा, तर हनुवटीखाली पालथा हात धरायचा आणि शब्द सावकाश म्हणायचा. हनुवटी जितक्या वेळा हाताला टेकेल तितके घास. मग त्यातला एकच घास जड. त्याच्यावर बाक वाजवायचा. बाकीचे हलक्यानं सोडून द्यायचे.

“आणि खिडकीतला माग ऐकून वाचू नका,” ते म्हणायचे. “मागाला काय म्हणायचंय ते त्याला ठाऊक नसतं. म्हणून त्याचे ठोके सारखे पडतात.”

हे वाक्य मला सरांनी कधी सांगितलं नाही. मी दुसऱ्या शाळेत शिकले. आपल्या मुलांना आपल्या वर्गात बसवायचं नाही, असा त्यांचा नियम होता, आणि घरी ते इंग्रजी शिकवत नसत. आम्हा घरच्यांना त्यांची पद्धत दिसली ती बाजारात. मंडईत एखादी बाई, कडेवर मूल, हातात मेथीची जुडी, लांबूनच ओरडायची, “सर, रिस्पॉन्सिबिलिटी!” सहापैकी चौथा घास नीट जड केलेला असायचा. सर पिशवी अव्वाकडे, म्हणजे आमच्या आईकडे देऊन भाजीवाल्याच्या तराजूवर दोन बोटांनी एकदा वाजवायचे. टक्. बाई खूश होऊन निघून जायची. भाजीवाला विचारायचा, “काय झालं हो सर?” सर सांगायचे, “पास झाली.”

त्या बायकांचं चुकलेलं मी कधी पाहिलं नाही. चुकणारी ओरडणार कशाला? त्यामुळे चूक झाली की सर काय करतात, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. अव्वाला नाही, मोठ्या भावाला, विरेशला नाही, मला नाही. त्या मार्चमध्ये याच एका गोष्टीवर सगळं अडून बसणार होतं.

सरांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली होती. शरीराची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. अतिदक्षता विभागातून त्यांना वॉर्डात आणलं तेव्हा डोळे उघडे होते, डावा हात चालत होता, आणि घशातून काहीही येत नव्हतं. गिळण्याचा भरवसा नव्हता, म्हणून नाकातून नळी घालून पातळ अन्न दिलं जात होतं. ती नळी सरांनी डाव्या हातानं उपसून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. का काढली, ते त्यांना सांगता येत नव्हतं. तेव्हा डावा हात कापसाची गादी लावून मऊ पट्टीनं कॉटच्या कठड्याशी बांधला. पट्टी सैल होती. मनगट हलायचं, नाकापर्यंत पोहोचायचं नाही.

मेंदूच्या डॉक्टरांनी, तरुण होते, खुर्ची ओढून सरांशी बोलायचा प्रयत्न केला.

“सर, तुमचं नाव मल्लिनाथ आहे का?”

सरांनी मान हलवली. हो.

“तुमचं नाव रमेश आहे का?”

हो.

“तुम्ही बाई आहात का सर?”

हो.

विरेश उठून खिडकीशी गेला. डॉक्टर आम्हाला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. ऐकू येतंय, ते म्हणाले. कळतंय किती, ते सांगता येत नाही. सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर येत असेल तर ते उत्तर धरता येत नाही. नाकातली नळी अशी सारखी निघत राहिली तर एखाद्या वेळी अन्न फुफ्फुसात जाईल. त्यापेक्षा पोटाला लहानसं भोक पाडून तिथून नळी घालू. पेशंटला विचारता आलं असतं तर विचारलं असतं. आता घरच्यांनी ठरवायचं.

घरातलं बोलणं कन्नडमध्ये चालतं. इथे ते मराठीत दिलं आहे.

“घालून टाकू,” विरेश म्हणाला. तो पुण्याहून रजा काढून आला होता. “अंग बघ कसं उतरलंय. उपाशी ठेवायचं का त्यांना?”

“त्यांना विचार,” अव्वा म्हणाली.

“अव्वा, ते बाई आहेत का याला हो म्हणाले.”

“ते मी ऐकलं. तरी विचार.”

“विचारलं तर हो म्हणतील. कशालाही हो म्हणतील. त्याला विचारणं म्हणतात का?”

दोघंही बरोबर होते. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, उद्या सकाळपर्यंत थांबू. डेस्कवर खात्री नसलेली बातमी अशीच बाजूला ठेवली जाते. पण तिथे त्या बातमीचं वजन दर दिवशी उतरत नसतं.

सोलापूरचा मार्च वॉर्डातसुद्धा आत येतो. खिडक्यांना ओले पडदे, पंख्याची गरम हवा, शेजारच्या कॉटवरच्या माणसासाठी आलेल्या शेंगाचटणीचा वास. यंत्राची टीटी एकसारखी चालू. आणि त्या सगळ्यात सरांचा डावा हात. पट्टीत अडकलेला, तळहात खाली, चादरीवर इकडून तिकडे फिरणारा. कधी तासभर शांत, कधी सलग. डॉक्टरांची फेरी आली की जास्त. कागदावर ‘अस्वस्थ’ अशी नोंद झाली होती.

अव्वाला त्याचा अर्थ पहिल्याच दिवशी कळला होता. सरांच्या गळ्यातलं इष्टलिंग तपासणीच्या वेळी काढून घेतलं होतं आणि तिनं ते पदराच्या टोकाला बांधून ठेवलं होतं. रोज आंघोळीनंतर डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा, त्याशिवाय चहासुद्धा नाही, असा सरांचा आयुष्यभराचा क्रम. “हात रिकामा आहे,” ती म्हणाली. “लिंग शोधताहेत.” तिनं परवानगी घेतली, पट्टीतला हात उताणा केला, गाठ सोडून लिंग त्यावर ठेवलं आणि वरून स्वतःचा हात धरला. सर शांत झाले. डोळे मिटले. बोटं लिंगाभोवती हलकेच वळली.

“बघ,” अव्वा म्हणाली.

तेव्हा मलाही खात्री वाटली. नंतर, पूजेची वेळ संपल्यावर, तिनं लिंग पुन्हा पदरात बांधलं, फेरी आली, आणि हात पुन्हा फिरायला लागला. “परत मागताहेत,” अव्वा म्हणाली. विरेश म्हणाला, “मागत नाहीत. आपल्याला जा म्हणताहेत. हाकलताहेत.” एकाच हाताचे दोन अर्थ घरात तयार झाले आणि दोघंही आपापल्या अर्थाला धरून राहिले. पूजेत तळहात वर असतो आणि हा हात पालथा आहे, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी ते पाहत होते. त्यावरून काही निष्कर्ष मी काढला नाही.

खाली शिफाचा आवाज चढलाय. “ॲबिलिटी. ॲ-बि-लि-टी.” हनुवटीचं टेकणं ती बोटांवर मोजते. चार. मग ठोका शोधते. शेवटी ‘इटी’ आलं की त्याच्या लगेच आधीच्या घासावर ठोका, हा नियम तिला पाठ आहे. ‘शन’ आला की त्याच्याही आधीच्या घासावर. पण नियम पाठ असणं आणि ठोका तिथे पडणं यांत अंतर असतं. घाईत तोंड सवयीच्या जागी जातं. मराठीत आपण अक्षरांवर असा भार टाकत नाही. आपला जोर अख्ख्या शब्दावर असतो, ‘मीच’ आणि ‘तूच’मध्ये असतो. म्हणून इंग्रजीत कुठे तरी जोर द्यायचा म्हटलं की आपण पहिल्याच घासावर देऊन मोकळे होतो. बातमीतही नवीन माणूस तेच करतो. सगळं महत्त्वाचं पहिल्या ओळीत कोंबतो आणि पुढे सांगायला काही उरत नाही.

दुसऱ्या दिवशी नळीचं ठरवायचं होतं. सकाळची फेरी होऊन गेली. डॉक्टर म्हणाले, दुपारी सांगा, उद्या करून टाकू. विरेशनं सहीची तयारी केली. अव्वा कॉटच्या पायथ्याशी बसून होती. तिनं पदराची गाठ हातात धरली होती.

दुपारच्या पाळीला एक सिस्टर आल्या. रजेवरून त्याच दिवशी परतल्या होत्या, या पेशंटकडे पहिल्यांदाच येत होत्या. उंच, केसांत अबोलीचा तुकडा, चालणं घाईचं. नाव पद्मा. सरांकडे न बघता त्यांनी सलाईनचा वेग पाहिला आणि दाराशी उभ्या असलेल्या दुसऱ्या सिस्टरना विचारलं, “बारा नंबरचं मेडिकेशन दिलं का गं?”

‘मेडिकेशन’चे चारही घास एका वजनाचे होते.

पट्टीतला हात फिरला. डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे.

पद्मा सिस्टर थांबल्या. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच चेहऱ्याकडे पाहिलं. आठवडाभराची दाढी होती, नाकात नळी होती, तोंड एका बाजूला ओढलेलं होतं.

“सर?”

सरांचे डोळे त्यांच्याकडे वळले.

“सर, मी पद्मा. ब तुकडी. खिडकीजवळची.” मग त्या सावकाश म्हणाल्या, “मे-डि-के-शन.” तिसरा घास जड होता.

दोन बोटं उचलली गेली आणि कठड्याच्या लोखंडावर एकदा पडली. टक्.

“अय्यो,” पद्मा सिस्टर म्हणाल्या. “सर पुसायलेत की!”

“काय पुसायलेत?” विरेश म्हणाला. “रोजच करतात ते.”

“रोज?”

“आठवडा झाला. डॉक्टर म्हणाले, अस्वस्थपणा आहे.”

“अस्वस्थ तर असणारच की. सगळे चुकीचं बोलायलेत.” त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला. मग त्यांनी जे सांगितलं ते एवढंच. वर्गात कुणाचा ठोका चुकला तर सर ‘चूक’ म्हणत नसत. त्या मुलीच्या बाकापाशी येऊन बाकावरून तळहात फिरवायचे, फळा पुसावा तसा. पुसलं म्हणजे पुन्हा म्हण. बरोबर आलं की दोन बोटं. “माझं लई वेळा पुसलंय,” त्या म्हणाल्या. “माझ्यापुढचा बाक गुळगुळीत झाला होता. पोरी म्हणायच्या, पद्माचा बाक पॉलिश केलाय सरांनी.”

विरेशला ते पटलं नाही. “योगायोग असेल. आणि असलं तरी ऑपरेशन काही…”

हात फिरला.

पद्मा सिस्टरना हसू आलं. “बघा, तुमचं पण पुसलं.”

“माझं? मी पुण्यात दिवसभर इंग्रजीच बोलतो.”

“बोलत असाल. ठोका कुठं देता?”

विरेशनं तोंडातल्या तोंडात शब्द पुन्हा म्हटला. ऑपरेशन. मग मोठ्यानं म्हटला, तिसरा घास जड करून. टक्.

पद्मा सिस्टरनी कॉटवर वाकून आणखी एक शब्द घेतला. “सर, शाळेत माझा हा कधीच जमला नाही. ऐका. एक्झामिनेशन.” ठोका दुसऱ्या घासावर दिला. पुसलं. पुन्हा, पहिल्या घासावर. पुसलं. पुन्हा. त्या ‘मि’पर्यंत आल्या आणि मुद्दाम थांबल्या, जसे सर थांबायचे.

सर वर्गात कोणत्या शब्दावर पडले, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. वॉर्डात ते फक्त आम्हा तिघांना माहीत होतं. अव्वा उभी राहिली. यंत्राची टीटी चालू होती. सरांच्या गळ्याची शीर वर आली. ओठ हलले, आवाज आला नाही.

मग बोटं पडली. नेमकी तिथे, जिथे चौथा घास यायला हवा होता.

डॉक्टर आले, त्यांनी सगळं पाहिलं आणि ते खूश झाले नाहीत. माझ्या कामातल्या माणसाला ते आवडण्यासारखं होतं. “हे सवयीचंही असू शकतं,” ते म्हणाले. “शब्द ऐकून हात जागेवर पडणं वेगळं आणि प्रश्न कळणं वेगळं. मला दुसरं काही तरी पाहिजे.” त्यांनी अव्वा, विरेश आणि मला पडद्यामागे उभं केलं, म्हणजे आमच्या चेहऱ्यावरून उत्तर जाणार नाही. पट्टी सोडायला लावली. सरांनी नाकातली नळी ओढू नये म्हणून सिस्टरना तिच्यापाशी हात ठेवून उभं केलं. मग खुर्ची ओढली.

“सर, आता मान हलवायची नाही. चूक असेल तर पुसा. बरोबर असेल तर वाजवा. तुमचं नाव रमेश आहे?”

चादर घासल्याचा आवाज आला.

“मल्लिनाथ?”

टक्.

“तुम्ही गणित शिकवता?”

घासलं.

“इंग्रजी?”

टक्.

“आपण पंढरपुरात आहोत?”

घासलं.

डॉक्टरांनी पडदा थोडा सरकवला आणि अव्वाकडे बोट केलं. “या तुमच्या बहीण का?”

हात इतक्या जोरात फिरला की सलाईनची नळी ओढली गेली. अव्वा तोंडावर पदर धरून हसली आणि मग तो पदर तसाच डोळ्यांवर नेला. “इतकी वर्षं झाली,” ती म्हणाली, “एवढ्या जोरात ‘नाही’ कधी म्हणाले नव्हते.”

संध्याकाळी दुसऱ्या एका डॉक्टरांनी, आमच्यापैकी कुणीही खोलीत नसताना, वेगळे प्रश्न विचारले. निकाल तोच आला. माणूस आत होता. आठवडाभर सगळं ऐकत होता. व्हरांड्याचं दार उघडंच असायचं; पोटाला भोक पाडण्याबद्दल आम्ही जे बोललो होतो, तेही बहुतेक ऐकलं होतं. हे शेवटचं विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

आता नळीचा प्रश्न राहिला होता. डॉक्टरांनी तो घाईनं विचारला नाही. आधी सगळं सांगितलं. पोटातून नळी घातली तर ताकद टिकेल. तोंडानं खायचा प्रयत्न केला आणि ठसका लागून अन्न फुफ्फुसात गेलं तर पुन्हा अतिदक्षता विभाग, आणि या वेळी परत येण्याची हमी नाही. कळलं का?

टक्.

“पोटातून नळी घालू का?”

हात हलला नाही. बराच वेळ हलला नाही. बाहेर कुणीतरी बादली सरकवत होतं. विरेश कठडा धरून उभा होता. मला वाटलं, प्रश्न लांब झाला, मध्येच हरवला. अव्वानं पुढे येऊन पदराची गाठ सोडायला सुरुवात केली होती, ती तिथेच थांबली.

तळहात फिरला. एकदा. सावकाश.

“अप्पा,” विरेश म्हणाला, “नीट विचार करा. हट्ट नको.”

पुन्हा फिरला.

“तोंडानं प्रयत्न करायचा?” डॉक्टर.

टक्.

“मग माझीही अट आहे. उद्या सकाळी मी समोर बसून भरवणार. गिळता आलं नाही तर नळी घालणार, आणि तुम्ही पुसायचं नाही. कबूल?”

सरांनी विरेशकडे पाहिलं, मग छताकडे. टक्.

हात पुन्हा बांधायचा का, असं सिस्टरनी विचारलं. डॉक्टरांनी प्रश्न सरांकडे वळवला. नाकातली नळी सकाळपर्यंत राहणार, तिला हात लावायचा नाही. कबूल असेल तर पट्टी नको. सरांनी वाजवलं. त्यानंतर ती नळी त्यांनी ओढली नाही.

सकाळी अव्वा घरून ज्वारीची अंबील घेऊन आली. पातळ नको, चमच्यावर उभी राहील इतकी घट्ट, गार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कॉट उभी केली. सरांची हनुवटी छातीकडे टेकवली. डॉक्टरांनी गळ्याच्या घाटीवर बोटं ठेवली.

“लहान घास,” ते म्हणाले.

पहिला चमचा तोंडात तसाच राहिला. डाव्या गालात फुगवटा दिसत होता. मग घाटी वर गेली आणि खाली आली. डॉक्टर म्हणाले, “पुढचा.” दुसरा लवकर गेला. तिसऱ्याला सरांना खोकला आला.

चेहरा लाल झाला. पद्मा सिस्टरनी पाठीला हात लावला. विरेश डॉक्टरांकडे बघत होता, डॉक्टर कुणाकडेच बघत नव्हते. त्यांनी स्टेथोस्कोप कानाला लावून छातीचे दोन्ही भाग ऐकले, पुन्हा ऐकले. “सर, आ म्हणा. आवाजात पाणी आहे का मला ऐकायचंय.”

सरांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. डॉक्टरांनी स्वतः ‘आ’ म्हणून दाखवलं. सरांची घाटी थरथरली.

“आ,” सर म्हणाले.

खरखरीत आवाज होता, कोरडा. वर्गातल्या सोमवारनंतरचा पहिला. डॉक्टरांनी आणखी एकदा म्हणायला लावलं, आणखी एकदा छाती ऐकली. मग चमचा अव्वाच्या हातात दिला. “तुम्ही भरवा. सावकाश.”

त्या आठवड्याच्या शेवटी नाकातली नळी निघाली. पोटाला भोक पाडावं लागलं नाही. विरेश पुण्याला परतला. जाताना त्यानं सरांसमोर ‘ट्रान्सपोर्टेशन’ म्हणून पाहिलं, पुसून घेतलं, पुन्हा म्हटलं आणि पास होऊन गेला. अव्वानं इष्टलिंग सरांच्या गळ्यात घातलं. पूजेच्या वेळी ती आता त्यांच्या तळहाताकडे लक्ष ठेवते, वर आहे की खाली.

नववी ‘ब’ची परीक्षा दुसऱ्या बाईंनी घेतली. सर शाळेत परत गेले नाहीत. चार वर्षांत मोजके शब्द आले: हो, नाही, चहा, अव्वाचं नाव, माझं नाव. लांब शब्द एकही नाही. उजवा हात मांडीवर असतो. सकाळी ऊन चढेपर्यंत ते पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, कठड्याला लागून खुर्ची ठेवून बसतात.

आज सकाळी शिफानं क्रेटवर बसून ‘युनिव्हर्सिटी’ घेतला. हनुवटीखाली हात धरून पाच घास मोजले आणि मोठ्यानं म्हटला. ठोका पहिल्यावर दिला. मग तिनं वर पाहिलं.

गॅलरीच्या कठड्यावरून तळहात फिरला.

“पुसले क्या सर?” तिची आई दारातून म्हणाली. “फिर से बोल.”

शिफानं पुन्हा म्हटला. तिसरा घास जड.

कठड्यावर दोन बोटं वाजली.